सव्वासहाचा आवाज

रविवार

बी-३०४: मंडळी, माफ करा. रोज सकाळी सव्वासहाला पार्किंगमधून जो आवाज येतो तो माझ्या गाडीचा. १४ वर्षांची पेट्रोल गाडी, १,६२,००० किमी झालेत. थंड इंजिन सुरू केलं की दोन-तीन सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखी खळखळ, मग शांत. मेकॅनिकने बॉनेट न उघडताच सांगितलं, टायमिंग चेन (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारी इंजिनातली साखळी) गेली, पूर्ण किट टाका.

सी-१०१: अच्छा, तुम्ही होय! मी इतके दिवस पाण्याच्या पंपाला शिव्या घालतोय.

ए-२०२: बॉनेट न उघडता? मग मेकॅनिक कसला, ज्योतिषी तो. गरम इंजिनवर येतो का आवाज? तासभर थांबून परत सुरू केलीस तर?

बी-३०४: नाही काका, रात्रभर उभी राहिली तरच.

ए-२०२: मग आधी डिपस्टिक काढून ऑइल किती आहे ते बघ. चेनला ताण देणारा टेन्शनर बहुतेक गाड्यांत ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रीतून त्यातलं ऑइल उतरतं. सकाळी दाब तिथवर पोचेपर्यंत चेन सैल असते आणि गाइडवर (तिला जागेवर ठेवणाऱ्या पट्टीवर), कव्हरवर आपटते. ऑइल कमी किंवा चुकीच्या ग्रेडचं असलं तर हा वेळ लांबतो. फिल्टरमध्ये ऑइल मागे जाऊ न देणारा रबरी व्हॉल्व्ह असतो, तो कडक झाला तरी तेच.

बी-३०४: बघितली. खालच्या खुणेच्याही खाली आहे 🙈

ए-२०२: शाब्बास.

डी-४०३: पण काका, चेन लाइफटाइम असते ना? काही गाड्यांत चेनऐवजी बेल्ट असतो, बदलावा लागतो तो, असंच मला गाडी घेताना सांगितलं होतं.

ए-२०२: बेल्टला मुदत ठरलेली असते, चेनला बहुधा नसते, एवढंच. चेन 'ताणली' म्हणतात, पण ती काही रबर नाही. प्रत्येक कडीतली पिन नि बुश झिजतात. एका सांध्याची झीज डोळ्यांना दिसतही नाही, पण सगळ्या सांध्यांची मिळून चेन लांब होते आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या) मागे पडतो. ऑइल बदलायचा आळस केला की हे लवकर होतं. कोणाला म्हणतोय ते कळलं असेलच.

पुढचा शनिवार

बी-३०४: ऑइल आणि फिल्टर बदलले, ग्रेड पुस्तकात बघून. सकाळची खळखळ निम्मी झाली. पण आता गरम इंजिनवर आयडलिंगलाही हलकी खरखर आहे, आणि काल इंजिनाचा दिवा लागला. स्कॅनरवर पी००१६.

ए-२०२: आता गंमत नाही. क्रँक आणि कॅमचे सिग्नल एकमेकांशी जुळत नाहीत, असं तो कोड सांगतो. चेन गेली असं नाही सांगत. सेन्सर, वायरिंग, व्हीव्हीटीचा (व्हॉल्व्हची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेचा) सोलेनॉइड, कशानेही येतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चेनच्या कव्हरला टेकव, मूठ कानाजवळच्या हाडाला लाव आणि ऐक. बाह्या वर, फिरत्या पुलीपासून लांब. मग इंजिन बंद करून बाहेरचा, अल्टरनेटर फिरवणारा फॅन बेल्ट काढ आणि फक्त अर्धा मिनिट चालव. आवाज गेला तर अल्टरनेटर नाहीतर एखादी पुली, चेनचा संबंध नाही.

डी-४०३: आणि टॅपेट (व्हॉल्व्हना ढकलणारे भाग) असले तर?

ए-२०२: टॅपेटची टकटक वर हेडकडून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातून येते आणि ठेक्यात असते. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एकच फेरी होते, म्हणून तो ठेका इंजिनाच्या मानाने संथ वाटतो. चेन घासते, खडखडते, तिला ठेका नसतो.

बी-३०४: बेल्ट काढला, आवाज तसाच. कव्हरवर खालच्या भागात स्पष्ट ऐकू येतोय.

ए-२०२: मग गाडी आता सुरू करू नकोस, टो करून ने. चेन दात सोडून उडाली तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. मग हेडही खोला.

ई-५०१ (सेक्रेटरी): कृपया पार्किंगमध्ये इंजिन खोलू नये. ऑइलचे डाग निघत नाहीत.

गुरुवार

बी-३०४: दुसऱ्या गॅरेजमध्ये खोलली. टेन्शनरचा दांडा जवळजवळ पूर्ण बाहेर आलेला, एक प्लास्टिक गाइड तुटलेला, त्याचा तुकडा चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) ऑइल पंपाच्या जाळीवर. फोटो टाकतो. मेकॅनिक विचारतोय, चेन आणि तो गाइड एवढंच बदलू का?

ए-२०२: अजिबात नाही. झिजलेल्या दातांवर नवी चेन बसवली तर तीही लवकर झिजते. चेन, सगळे गाइड, टेन्शनर, दातचक्रं, सगळं एकदम. क्रँकचं पुढचं सील आत्ताच बदल. क्रँकचा बोल्ट कंपनीने एकदाच वापरा म्हटलं असेल तर नवा. जाळी साफ, चेंबर साफ, ऑइल पुन्हा नवं.

बी-३०४: ऑइल आत्ताच तर बदललं होतं 😭

ए-२०२: त्यात प्लास्टिक फिरलंय. आणि टेन्शनर बसवताना त्याला दाबून धरणारी पिन काढल्यावर लगेच सेल्फ मारू देऊ नको. पान्याने क्रँक दोन पूर्ण फेऱ्या फिरवायचा, सरळ दिशेनेच. कुठे अडला तर जोर न लावता थांबायचं.

बी-३०४: काका, दोन फेऱ्या झाल्या. चक्रांच्या खुणा जुळल्या, पण चेनच्या रंगीत कड्या भलतीकडेच गेल्यात! चुकलं का?

ए-२०२: नाही रे. रंगीत कड्या फक्त बसवताना लागतात. त्या परत जुळायला पुष्कळ फेऱ्या लागतात. चक्रांच्या खुणा जुळल्या ना? मग लाव कव्हर.

सोमवार

सी-१०१: बी-३०४, झाली म्हणे दुरुस्त? आज सव्वासहाला पुन्हा खडखड होती.

बी-३०४: मी सुट्टीवर आहे, गाडी जागेवरच उभी आहे.

ए-२०२: पंपाचं बेअरिंग. येतो खाली, स्क्रू ड्रायव्हर घेऊन.