मदत हवी आहे: हार्वर्ड स्टेप टेस्टमध्ये बाराच्या बारा जण 'पुअर' येतायत

घामाघूम (शनिवार, रात्री १०:४०)
सोमवारी प्रॅक्टिकलची फाईल द्यायची आहे, म्हणून थेट विचारतेय. ठेक्यावर पायरीवर पाच मिनिटं चढ-उतर करायची, मग तीनदा नाडी मोजून फिटनेसचा इंडेक्स काढायचा, अशी ही टेस्ट. सूत्र पुस्तकातलंच घेतलंय: चढ-उतर केली तेवढे सेकंद गुणिले १००, भागिले पल्सच्या बेरजेची दुप्पट. सगळ्यांनी पाच मिनिटं पूर्ण केली, म्हणजे वर ३०,०००. तरी सगळ्यांचे इंडेक्स ३८ ते ५१. तक्त्यात ५५ च्या खाली पुअर, ९० च्या वर एक्सलंट. एक तर रोज पहाटे तालमीत जाणारा पोरगा आहे, त्याचा ५१! सर "आकडे परत बघ" म्हणाले आणि गावाला गेले. कुठं चुकतंय? प्लीज लवकर सांगा.

लाल_माती (१०:५२)
भावा, पायरीवर चढ-उतर करून पैलवान मोजत अस्तेत का बे? त्याला ५०० बैठका मारायला लाव, मग नाडी धर. नाहीतर कंबर तलावाला फेऱ्या मारायला लाव. आमच्या वस्तादानं उभ्या जन्मात इंडेक्स काढला नाही, तरी कोण किती पाण्यात आहे ते त्यांना लांबून कळायचं.

निवृत्त_पीटी (१०:५८)
सूत्र बरोबर आहे. पण तीन गोष्टी लिहिल्याच नाहीत. बाक किती इंच? ठेका किती? नाडी कधी आणि किती सेकंद मोजली? एका मुलाचे कच्चे आकडे टाका.

अमरावती_रिटर्न (११:०५)
कोर्स कुठला ते आधी सांगा. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं असेल तर डिप्लोमावर थांबू नका. पदवीनंतर दोन वर्षांचं बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी करा. त्याला सीईटी असते, लेखी आणि मैदानी चाचणी दोन्ही. मी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलो, तिथलं वातावरणच वेगळं. आणि कोचच व्हायचं असेल तर पतियाळाचं एनआयएस, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्था. मात्र सहा आठवड्यांचं सर्टिफिकेट आणि वर्षाचा डिप्लोमा यांत घोळ करू नका. पोरं सहा आठवडे करून येतात आणि बोर्डावर 'एनआयएस कोच' लिहितात.

घामाघूम (११:०९)
भाऊ नाही हो, मुलगी आहे मी. कम्युनिटी कॉलेजात फिटनेस ट्रेनिंग आणि कोचिंगचा डिप्लोमा करतेय, पण यातलं मी काहीच विचारलेलं नाही! पैलवानाचे आकडे: ११२, ९६, ८४. बेरीज २९२, दुप्पट ५८४, इंडेक्स ५१.४. नाडी एक, दोन आणि तीन मिनिटांनी मोजली. गुणाकार दहा वेळा तपासला.

जिमवाला_जुळे (११:१४)
ही टेस्ट १९४३ ची, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. आता कशाला तेच दळण? बारा मिनिटं पळायची कूपर टेस्ट घ्या. ४०० मीटरच्या ट्रॅकवर सहा फेऱ्या झाल्या तर २४०० मीटर. त्यातून ५०४.९ वजा करा, ४४.७३ ने भागा, व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते) ४२ च्या आसपास येतो. नाडी धरायची भानगडच नाही. आणि अमरावतीवाले, माझ्याकडे ट्रेनर म्हणून येणाऱ्या पोराला मी एनआयएस विचारत नाही. सीपीआर येतं का विचारतो, आणि स्क्वाट शिकवून दाखव म्हणतो.

अमरावती_रिटर्न (११:१७)
म्हणूनच जिममध्ये गुडघे जातात लोकांचे.

निवृत्त_पीटी (११:२१)
भांडण नंतर करा. मुली, ११२ हे ३० सेकंदांतले ठोके आहेत का? असतील तर मिनिटाला २२४ होतात, म्हणजे तुमचा पैलवान आत्ता दवाखान्यात असायला हवा.

घामाघूम (११:२४)
नाही, मिनिटाचे आहेत. १५ सेकंद मोजले आणि चारने गुणले. पल्स म्हणजे मिनिटाचीच असते ना?

निवृत्त_पीटी (११:३३)
सापडलं. या सूत्रात मिनिटाची नाडी नसते. थांबल्यावर बसवायचं आणि १ ते १:३०, २ ते २:३०, ३ ते ३:३० अशी तीनदा ३०-३० सेकंद मोजायची. जेवढे ठोके पडले तेवढेच लिहायचे, गुणायचं नाही. खाली जो २ आहे तो त्याच्यासाठीच. तुम्ही मिनिटाचे आकडे घालून त्यांची आणखी दुप्पट केली, म्हणून सगळ्यांचा इंडेक्स निम्मा आला. पैलवानाचे ५६, ४८, ४२ धरले तर बेरीज १४६, इंडेक्स १०२.७. शिवाय १५ सेकंदांत एक ठोका चुकला की चार चुकतात, तो वेगळा दोष.

बाकाची उंची अजून आली नाही.

घामाघूम (११:४१)
देवासारखे भेटलात सर! सगळे निम्मे करून परत काढले. आता ७६ ते १०३. पण एक शंका. आमच्यातला एक सिगारेट ओढतो, दिवाळीपासून धावलेला नाही, तोही ८० म्हणजे 'गुड' आलाय. येतं का असं?

चादर_डबल (११:४४)
माझ्या मुलाच्या नोट्समध्ये ९६ च्या वर एक्सलंट आहे, ९० नाही. कुठला तक्ता खरा?

अमरावती_रिटर्न (११:४६)
दोन्ही चालतात. फाईलवर कुठला वापरला ते लिहायचं, एवढंच. पण सिगारेटवाला 'गुड' येत असेल तर तक्त्याचा प्रश्नच नाही, टेस्टच हलकी झालीय.

निवृत्त_पीटी (११:४७)
तिसऱ्यांदा विचारतो. बाक किती इंच?

घामाघूम (११:५०)
बाक नव्हता सर. कॉलेजात एरोबिक्सच्या लाकडी पेट्या आहेत, त्याच घेतल्या. मोबाईलवर ठेका देणारा मेट्रोनोम मिनिटाला ९६ ठोक्यांवर होता, पेटीच्या कडेला तसं लिहिलेलं आहे.

जिमवाला_जुळे (११:५५)
हात्तिच्या! ती वायएमसीए स्टेप टेस्टची पेटी, ही वेगळीच टेस्ट. १२ इंच, ९६ चा ठेका, म्हणजे मिनिटाला २४ वेळा. ती टेस्ट तीन मिनिटांचीच, आणि थांबल्या थांबल्या सलग एक मिनिट नाडी मोजायची. हार्वर्डला पुरुषांसाठी २० इंच आणि मिनिटाला ३० वेळा. 'वर, वर, खाली, खाली' असे चार ठोके धरले तर मेट्रोनोम १२० वर पाहिजे. तुम्ही पेटी एका टेस्टची आणि सूत्र दुसऱ्या टेस्टचं घेतलंय.

लाल_माती (११:५७)
म्हणजे आमचा पैलवान फुकटच एक्सलंट झाला व्हय.

निवृत्त_पीटी (रविवार, मध्यरात्री १२:०४)
जिमवाले बरोबर बोलले. आता हे आकडे कुठल्याच तक्त्याला लावता येत नाहीत. वायएमसीएचेही होत नाहीत, कारण तुम्ही पाच मिनिटं चालवली. आज सकाळी साडेसहाच्या आत चार-पाच जणांची परत घ्या. एप्रिलातल्या सोलापुरात दुपारी घेतलीत तर उन्हानंच नाडी चढेल. बाक हलता कामा नये, विटांवर फळी ठेवू नका, शेजारी एकजण उभा ठेवा. गुडघा दुखणाऱ्याला घेऊ नका. मुलींना उंची कमी असते, पुस्तकागणिक १६ ते १८ इंच. तुमच्या पुस्तकात असेल ती घ्या. ठेका सुटला की तिथंच थांबवायचं आणि तेवढेच सेकंद वर घालायचे. जुने आकडेही फाईलमधून काढू नका. काय चुकलं ते लिहून शेजारी ठेवा. मी परीक्षक असतो तर त्याचे जास्त मार्क दिले असते.

चादर_डबल (सकाळी ७:१०)
टेस्टच्या आधी पोरांनी काय खावं? आमचा मुलगा शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाऊन मैदानावर जातो. शेंगदाण्यात प्रोटीन भरपूर असतं म्हणे.

जिमवाला_जुळे (७:१८)
१०० ग्रॅममध्ये २५-२६ ग्रॅम प्रोटीन आहे, पण तेल त्याच्या जवळपास दुप्पट. चमचाभर चटणीनं दंड होत नसतात. आणि टेस्टच्या आधी दोन तास पोटभर खायचं नाही.

लाल_माती (७:२५)
चटणीला नावं ठेवू नका बे सकाळी सकाळी.

घामाघूम (दुपारी १:१५)
तालमीबाहेरचा दगडी कट्टा टेपनं मोजला, बरोबर २० इंच भरला. पाच मुलांची घेतली, मेट्रोनोम १२० ला. पैलवानाचे ७२, ६०, ५२. बेरीज १८४, इंडेक्स ८१.५, गुड. सिगारेटवाला १९० सेकंदांत बसला. ८६, ७६, ६८, म्हणजे १९,००० भागिले ४६०, ४१.३. तो आता माझ्याशी बोलत नाही. मुलींची राहिली, १६ इंचाचं काहीच सापडलं नाही.

निवृत्त_पीटी (१:३०)
प्राथमिक शाळेतला बाक मोजून बघा. पण त्यावर चढायच्या आधी पाय घट्ट आहेत का बघा.

चादर_डबल (१:४२)
मग मुलानं टेस्टच्या आधी खायचं काय? केळं चालेल का?