ब्राम्सचं क्लॅरिनेट क्विंटेट: नोट्स त्याच, मग एवढा फरक का?

रात्रपाळी_१२
मंडळी एक शंका आहे, बाळबोध वाटली तर हसू नका. आमच्याकडे क्लॅरिनेट म्हणजे वरातीतला बँड, मास्तर पुढे उभे राहून गाणं वाजवणार आणि बाकीचे मागे. गेल्या महिन्यात कामावर हेडफोन लावून बसलो होतो, आपोआप ब्राम्स या एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन संगीतकाराचं क्लॅरिनेट क्विंटेट (एक क्लॅरिनेट आणि चार तंतुवाद्यं) लागलं आणि दुसरी संथ मूव्हमेंट, म्हणजे रचनेचा दुसरा भाग, सुरू झाल्यावर मी शीट भरायची सोडून नुसता बसून राहिलो. घरी येऊन परत शोधलं तर दुसऱ्याच कुणाचं तरी सापडलं आणि ते काही भिडलं नाही राव. पाश्चात्य संगीतात तर सगळं लिहिलेलं असतं ना, मग असं का होतं? आणि पुढे काय ऐकू? सिम्फनी नको, अख्ख्या ऑर्केस्ट्राची एवढी गर्दी झेपत नाही.

जुनी_कॅसेट
हसायचं काय त्यात, बरोब्बर जागी अडकलायस. १८९० मध्ये ब्राम्स जवळजवळ दुकान बंद करूनच बसला होता, प्रकाशकालाही तसं कळवलं होतं. पुढच्या वर्षी मार्चमध्ये जर्मनीतल्या माइनिंगनला गेला आणि तिथल्या दरबारी ऑर्केस्ट्रातल्या रिचर्ड म्युलफेल्डचं क्लॅरिनेट ऐकलं. हा गडी मुळात व्हायोलिनवाला, क्लॅरिनेट स्वतःच शिकलेला! ब्राम्स त्याला लाडाने ‘क्लॅरिनेटबाई’ म्हणायचा. त्याच उन्हाळ्यात ऑस्ट्रियातल्या बाड इशलला बसून एक क्लॅरिनेट ट्रिओ (तीन वाद्यांची रचना) आणि हे क्विंटेट लिहिलं, डिसेंबरात बर्लिनला म्युलफेल्ड आणि व्हायोलिनवादक योआखिमच्या क्वार्टेटने (चार तंतुवाद्यांच्या गटाने) वाजवलं, आणि १८९४ मध्ये त्याच माणसासाठी आणखी दोन सोनाटा, म्हणजे क्लॅरिनेट आणि पियानोच्या रचना. रिटायरमेंट गेली बोंबलत.
रेकॉर्डिंगचं म्हणशील तर दोन टोकं ऐक. एक १९३७ चं, रेजिनाल्ड केल आणि बुश क्वार्टेट, खरखर आहे पण केलचा सूर माणसाच्या गळ्यासारखा थरथरतो. दुसरं कार्ल लाइस्टर आणि अमाडेउस क्वार्टेटचं, तिथे सूर सरळ, काचेसारखा. एवढ्याने तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळेल.

व्हियोला_कोपऱ्यातून
कॅसेटराव, केलची थरथर मला कधीच पटली नाही, तिसऱ्या मिनिटाला कंटाळा येतो. पण ते असो. आम्ही चारपाच हौशी लोकांनी हे वाजवून बघितलंय (वाजवलं म्हणायची हिंमत नाही), म्हणून सांगते की ‘सगळं लिहिलेलं असतं’ हे अर्धसत्य आहे. सूर लिहिलेत, हळू-जोरात लिहिलंय, पण किती हळू ते कोण सांगणार? त्या संथ मूव्हमेंटमध्ये तंतुवाद्यांना म्यूट (आवाज दबवणारा चिमटा) लावायचा असतो, वर क्लॅरिनेट आणि पहिलं व्हायोलिन एकमेकांशी बोलतात, आणि खाली आम्ही व्हियोला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठं, खालच्या सुराचं वाद्य) वगैरे ठोक्याच्या जरा अलीकडे-पलीकडे. आम्ही फार नेमके वाजलो की वरचं गाणं मरतं आणि सैल सोडलं की सगळ्याचीच खिचडी होते. मग मधे अचानक हंगेरियन जिप्सी ढंगाचा भाग येतो, क्लॅरिनेट जवळजवळ आलापीच करतं, तिथे वाजवणारा श्वास कुठे घेतो नुसतं एवढं ऐका. तुम्हाला जे भिडलं नाही त्यात बहुतेक हा भाग कुणीतरी घाईत उरकला असणार.
आणि शेवट चुकवू नका. शेवटच्या मूव्हमेंटमधली व्हेरिएशन्स (एकाच धुनीची बदलती रूपं) संपता संपता पहिल्या मूव्हमेंटची सुरुवात परत येते, मग दोन कॉर्ड (एकदम वाजणारे अनेक सूर), एक जोरात, एक अगदी हळू. खेळ खलास.

मु_पो_ब्रेमेन
त्या काळचं वाद्य ऐकायचं असेल तर एरिक होप्रिक आणि लंडन हायडन क्वार्टेट बघा, म्युलफेल्डच्या क्लॅरिनेटच्या धर्तीवर बनवलेलं लाकडी वाद्य, आवाज मऊ आणि थोडा धुरकट.
पुढे म्हणाल तर ब्राम्सचाच हॉर्न ट्रिओ (हॉर्न, व्हायोलिन, पियानो), ओपस म्हणजे रचना क्रमांक ४०. १८६५ च्या फेब्रुवारीत ब्राम्सची आई गेली, त्याच वर्षी लिहिलाय. व्हॉल्व्हचा (सूर बदलायच्या कळांचा) हॉर्न तेव्हा आलेला होता, तरी ब्राम्सने साधा जुना हॉर्न मागितला, ज्यात काही सूर उजवा हात हॉर्नच्या रुंद तोंडात घालूनच काढावे लागतात आणि ते दबलेले, गुदमरलेले येतात. इझाबेल फाउस्ट, अलेक्झांडर मेलनिकोव्ह आणि टेउनिस फान डेर त्स्वार्टने तसाच वाजवलाय, मग त्या संथ मूव्हमेंटला खरंच घसा दाटल्यासारखं होतं. आधुनिक हॉर्नवर तेच फार गुळगुळीत वाटतं, निदान मला तरी.
ब्राम्सच्या पियानो क्विंटेटसाठी (पियानो आणि चार तंतुवाद्यं) स्टीफन हफ आणि टाकाच क्वार्टेट. ते आधी दोन चेलो असलेलं स्ट्रिंग क्विंटेट होतं, मग दोन पियानोंचा सोनाटा झालं, मग कुठे आत्ताचं. आणि पियानो ट्रिओंसाठी ख्रिस्टियान आणि तान्या टेट्झलाफ भावंडं आणि पियानोवर लार्स फोग्ट. फोग्ट २०२२ मध्ये ५१ व्या वर्षी गेला, हे डोक्यात ठेवून ऐकू नका असं सांगणार होतो, पण आता सांगूनच बसलो.

रात्रपाळी_१२
सगळ्यांना थँक्यू. काल पहाटे घरी येताना बसमध्ये आधी लाइस्टर लावला, मग केल, आणि त्या आलापीच्या भागात स्टॉप पुढे गेला, दोन स्टॉप उलटं चालत आलो. लाइस्टर शुद्ध आहे, मान्य. पण मला ती थरथरच आवडली. व्हियोलाताई माफ करा, वरातीचे संस्कार आहेत. आज रात्री हॉर्न.