अपराधभावाने खाणे आवरते का?

रात्री फरसाणाचा डबा रिकामा होतो तो केवळ निर्धार कमी पडल्यामुळे, हे मत मला पटत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ क्लेअर अ‍ॅडम्स आणि मार्क लिअरी यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तरुणींना आधी डोनट खायला दिला होता. त्यानंतर, खाण्यावर कडक बंधने घालणाऱ्या ज्या तरुणींना ‘असे सगळ्यांकडूनच होते, स्वतःला बोल लावू नका’ असे सांगितले गेले, त्यांनी पुढे ठेवलेल्या गोळ्या-चॉकलेटांपैकी इतर तशाच तरुणींपेक्षा कमी खाल्ले. म्हणजे अपराधभाव हा लगाम नसून अनेकदा पुढच्या घासाचे निमित्तच ठरतो. (‘उपास मोडलाच आहे, तर आता पोटभर खाऊ’ हे गणित आपल्या घरांतही ओळखीचे आहे.)

अपराधभावाऐवजी हवी ती सजगता, म्हणजे खाताना स्वतःकडे लक्ष देणे; तिचा अर्थही मी साधाच घेतो: डबा उघडण्यापूर्वी, ही भूक पोटातली आहे की दिवसभर गिळलेल्या रागाची, एवढे स्वतःला विचारावे, आणि उत्तर काहीही आले तरी खायचेच असेल, तर वाटीत काढून, बसून, चव घेत खावे. मात्र लपून आणि आवरता न येण्याजोगे खाणे वारंवार घडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटणेच योग्य.