जीवघेण्या ट्रक अपघातांची कारणं मुलाखतींतून कशी काढायची? (रा. म. ५२, बीड–धाराशिव पट्टा)

मांजराकाठ

मंडळी, गेवराई ते तुळजापूर पट्ट्यातल्या जीवघेण्या ट्रक अपघातांवर पीएच.डी.चं काम सुरू करते आहे. ट्रक, हायवा, ट्रेलर किंवा टँकर सामील असलेला आणि ३० दिवसांच्या आत किमान एक माणूस दगावलेला अपघात, अशी व्याख्या धरली आहे. केंद्राच्या २०२२च्या अहवालात देशभरात १,६८,४९१ मृत्यू नोंदलेत आणि त्यांतले ७१.२ टक्के ‘अतिवेग’ या एकाच रकान्यात आहेत. त्या रकान्याच्या मागे काय दडलंय ते मुलाखतींतून काढायचं आहे.

अडचणी अशा : कोणाकोणाची मुलाखत घ्यावी आणि किती दिवसांत? केस चालू असलेला ड्रायव्हर बोलेल का, आणि बोलला तर त्याचं नुकसान होईल का? आणि ३० अपघात पुरेत का?

गोदातीर

ताई, सगळ्यात आधी ‘अपघात का झाला?’ हा प्रश्न यादीतून खोडा. तो विचारला की समोरचा माणूस एका वाक्यात निकाल देतो. ‘मोटरसायकल मधी आली.’ ‘ब्रेकच लागला नाही.’ पुढचं सगळं बोलणं मग तो निकाल सांभाळण्यासाठी असतं. त्याऐवजी क्रम विचारा, आणि तो अपघाताच्या ७२ तास आधीपासून विचारा.

त्यासाठी आडव्या कागदावर ७२ चौकोन आखा, तासाला एक. चार रंगांच्या पेन्सिली घ्या : गाडी चालू, भरणं-उतरवणं आणि नंबर लावून थांबणं, झोप, बाकी. दुसरा रंग मुद्दाम वेगळा ठेवा. मोंढ्यात किंवा कारखान्याच्या गेटवर आठ तास नंबरात काढले तर ड्रायव्हर त्याला ‘गाडी उभीच होती’ म्हणतो, पण त्या आठ तासांत तो जागा असतो आणि रांग सरकली की गाडी पुढे घेत असतो.

‘किती झोपलात?’ विचारलं की उत्तर हमखास ‘सहा-सात तास’ येतं. म्हणून खुंट्या शोधा : फास्टॅगचे मेसेज, डिझेलची आणि वजनकाट्याची पावती, बिल्टी, फोनमधली कॉलची यादी. समजा रात्री १:४० ला मालकाचा फोन घेतलाय आणि ४:१० ला पुन्हा घेतलाय. मधे सलग झोप अडीच तासांच्या वर असू शकत नाही, हे ड्रायव्हर स्वतःच यादी बघून सांगतो. झोप केबिनमध्ये की ढाब्याच्या खाटेवर, आणि त्या वेळी गाडी उभी होती की क्लीनर चालवत होता, हेही विचारा. शेवटचा प्रश्न नाजूक आहे, तो ओळख झाल्यावर, मुलाखतीच्या उत्तरार्धात.

हा तक्ता मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ मधल्या मर्यादांशी ताडून बघता येतो (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) : दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, आणि ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. ड्रायव्हर ‘टाइम नव्हता’ म्हणाला तर टाइम कोणी दिला होता ते विचारा. ई-वे बिलाची (मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या कागदाची) मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी सैल असते, म्हणजे घाई बहुधा कागदाची नसते. ती पार्टीच्या उतरवण्याच्या वेळेची असते किंवा मालकाने आधीच ठरवलेल्या पुढच्या खेपेची. पगार महिन्याला की खेपेवर, हा प्रश्न इथेच घ्या.

प्रत्येक अपघातामागे चार-पाच माणसं धरा : ड्रायव्हर, क्लीनर, मालक किंवा ट्रान्सपोर्टचा मॅनेजर, मृताच्या घरचं कोणी, आणि सर्वांत आधी पोचलेला माणूस. तो बहुतेक वेळा ढाबेवाला, पंक्चरवाला किंवा शेजारच्या शेतातला असतो. ड्रायव्हर आणि क्लीनरला कधीही एकत्र बसवू नका, आणि मालकासमोर तर दोघांनाही नाही. ड्रायव्हरला शक्यतो पहिल्या आठवड्यात गाठा. पुढे दहा जणांना तीच हकीकत सांगून तिला एक ठरीव रूप येतं आणि बारकावे गळतात.

आठवण काढून घेताना कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यूची पद्धत वापरा. फिशर आणि गायझलमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ती १९८०च्या दशकात बसवली. आधी प्रसंगात परत न्यायचं : केबिनमध्ये काय वाजत होतं, काच वर होती की खाली, समोरून कोणाचा अप्पर (हेडलाइटचा वरचा झोत) डोळ्यावर होता. मग मधे न तोडता बोलू द्यायचं. मग उलट क्रमाने, धडकेपासून मागे मागे. उलट सांगताना पाठ झालेली हकीकत मोडते आणि ‘त्याच्या आधी एक ट्रॅव्हल्स ओव्हरटेक करून गेली होती’ असं काहीतरी वर येतं.

एक धोका कायम डोक्यात ठेवा. ट्रक आणि दुचाकीच्या धडकेत ट्रकवाला वाचतो आणि दुचाकीवाला जातो, म्हणजे तुमच्याकडे एकाच बाजूचा साक्षीदार उरतो. गावात मात्र मोठी गाडी आपोआप दोषी ठरते. दोन्हीकडचा हा कल फक्त जागेवरच्या खुणांनी तोलता येतो. दुचाकी उलट्या बाजूने येत होती असं कळलं की तिथे थांबू नका. जवळचा अधिकृत दुभाजक-कट किती मीटरवर आहे ते टेपने किंवा गाडीच्या मीटरवर मोजा आणि घरच्यांना विचारा, रोजचं शेत, पंप, दूध डेअरी कुठल्या बाजूला?

संख्येबद्दल : नीट केलेले ३० अपघात म्हणजे सव्वाशे-दीडशे मुलाखती, ते भरपूर काम आहे. पण ३० पैकी २० ड्रायव्हर अर्धवट झोपेत होते एवढ्यावरून झोप हे कारण ठरत नाही. अपघात न झालेले किती जण तसेच चालवत होते? म्हणून प्रत्येक अपघातामागे दोन तुलनेचे ड्रायव्हर घ्या : तोच वार, तोच तास, त्याच दिशेला, जवळच्या ढाब्यावर किंवा टोलनाक्यावर, आणि त्यांचाही ७२ चौकोनांचा तक्ता भरा. ऑस्ट्रेलियात लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरांवर याच धर्तीचा अभ्यास झाला, ५३० अपघातवाले आणि ५१७ बिनअपघातवाले, सगळ्यांच्या मुलाखती घेऊन. त्यात वाचलेलेच ड्रायव्हर होते. तुमच्याकडे काही ड्रायव्हर स्वतःच गेलेले असतील, तिथे तक्ता क्लीनर, घरचे आणि पावत्यांवरून जोडावा लागेल.

लायनर-ड्रम

गाडीच्या बाजूने थोडं. ‘ब्रेक फेल झाला’ हे उत्तर कधीच तसंच लिहून घेऊ नका. एअर ब्रेक अचानक फेल होण्यापेक्षा हळूहळू मरतो, आणि ते मुलाखतीत पकडता येतं.

विचारा : उतारावर गाडी कितव्या गिअरमध्ये होती? मांजरसुंब्याच्या घाटात डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडली असेल तर इंजिनाची पकड गेली आणि सगळा भार ड्रमवर आला. चाकातला ड्रम तापून फुगतो, लायनरपासून (ड्रमला घासून थांबवणाऱ्या पट्टीपासून) लांब जातो, पुशरॉडला, म्हणजे हवेने ढकलल्या जाणाऱ्या दांड्याला, जास्त बाहेर यावं लागतं. स्लॅक अ‍ॅडजस्टर (त्या दांड्याची चाल टाइट ठेवणारा भाग) आधीच ढिला असेल तर रॉडची चाल संपते आणि पाय दाबलेला असूनही जोर पोचत नाही. ‘प्रेशरचा काटा कुठं होता?’ हा पुढचा प्रश्न. काटा जागेवर होता आणि तरी गाडी थांबली नाही, तर दोष चाकाकडे बघा. वारंवार पाय मारून काटा खाली आला असेल तर गोष्ट वेगळी. ब्रेक मारल्यावर गाडी कुठल्या बाजूला ओढत होती? शेवटचे ब्रेक कोणी टाइट केले, किती खेपांपूर्वी? आणि हे नक्की विचारा : कुठल्या चाकाचा पाइप दुमडून बांधलेला होता का? डायफ्राम (ब्रेकच्या हवेच्या डब्यातला रबरी पडदा) फाटला की वाटेत तेवढं चाक बंद करून गाडी हाकतात. ड्रायव्हर सांगायला कचरेल, ब्रेकचं काम करणारा मिस्त्री सहज सांगेल. मिस्त्रीला तुमच्या यादीत सहावा माणूस म्हणून धरा.

ठाण्याच्या आवारात लावलेली गाडी तपास अधिकाऱ्याच्या परवानगीने लवकर बघा. एका पावसात ड्रम गंजतो आणि लायनरवरच्या खुणा जातात. मागचा दिवा जुन्या बल्बचा असेल तर फिलामेंट बघा. पेटलेल्या दिव्याला धक्का बसला की तार ताणून वेडीवाकडी होते, विझलेल्याची सहसा आकारात राहते किंवा कोरडी तुटते. एलईडीत हे कळत नाही.

टायर घासल्याच्या खुणा राहिल्या असतील तर मोजा. कोरड्या डांबरावर भरलेल्या ट्रकला ०.५ घर्षण धरलं तर ३० मीटर लांबीच्या खुणेवरून ताशी ६२ किलोमीटरच्या आसपास वेग निघतो, आणि धडकेच्या वेळी गाडी चालतीच असेल तर त्याहून जास्त. ड्रायव्हर ‘चाळीसवर होतो’ म्हणाला तर वाद घालू नका. दोन्ही आकडे लिहून ठेवा.

कोर्टआवार

ड्रायव्हरच्या नुकसानीचा प्रश्न तुम्ही विचारला हे फार चांगलं केलं. त्याच्यावर बहुधा भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१) लागलेलं असतं, निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. पोलिसांपुढचा कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध सिद्ध करता येत नाही. संशोधकाला तसं कवच नाही. तो तुमच्यापुढे ‘माझा डोळा लागला’ म्हणाला तर कोर्ट तुम्हाला आणि तुमच्या वहीला बोलावू शकतं. म्हणून संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी आधी घ्या, आणि संमतीपत्रात ‘गोपनीय राहील’ एवढंच लिहून मोकळं होऊ नका. ‘कोर्टाने मागितल्यास द्यावं लागू शकतं’ हे मराठीत, आणि ड्रायव्हर हिंदी भाषक असेल तर हिंदीत, वाचून दाखवा. त्याच्या वकिलाला विचारून येऊ द्या. केस चालू असताना आवाज रेकॉर्ड न करणं उत्तम. वहीत नाव, गाडी नंबर, गुन्हा नंबर नको, फक्त सांकेतिक क्रमांक, आणि त्याची किल्ली वेगळ्या कुलपात. तारखेऐवजी ‘अपघाताचा दिवस, उणे एक, उणे दोन’ असं लिहिलं तर तुमचं काम अडत नाही.

कागदपत्रांची वेळ सांगतो : २०२२ पासूनच्या नियमांत पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम ५० दिवसांत, सविस्तर ९० दिवसांत. मुलाखती आधी आणि सविस्तर अहवाल नंतर वाचा, नाहीतर तुमचे प्रश्न अहवालाच्या वळणावर जातील.

सावरगाव

घरच्यांबद्दल. तेराव्याच्या आधी दारात जाऊच नका. दोन-तीन महिने जाऊ द्या, आणि आधी गावातल्या ओळखीच्या माणसाकडून, आशाताईंकडून विचारणा करा. नुकसानभरपाईचा दावा सहा महिन्यांत दाखल करायचा असतो, त्यामुळे त्या काळात वकिलांची आणि विमा तपासनिसांची माणसं येऊन गेलेली असतात. बसल्या बसल्या सांगा : ‘आम्ही विम्याचे नाही, पोलिसांचे नाही, आमच्याकडून पैसे मिळणार नाहीत.’ ‘हेल्मेट होतं का?’ हा प्रश्न घरी विचारू नका, आईच्या कानाला तो आरोप वाटतो. ते पंचनाम्यातून आणि जागेवरच्या माणसाकडून घ्या. घरी विचारायचं ते एवढंच की त्या दिवशी तो कशाला निघाला होता, रोज कुठल्या वाटेने जायचा, आणि त्या वाटेची भीती घरात कधी कोणी बोलून दाखवली होती का.

पळून गेलेल्या गाडीचा अपघात असेल तर २०२२च्या योजनेत मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात. त्याचा माहितीचा कागद सोबत ठेवा. अनेक घरांना ते कोणी सांगितलेलं नसतं.

मांजराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मिस्त्री यादीत घेतला, तारखाही ‘उणे एक’ पद्धतीने लिहीन. एक राहिलं : हंगामात उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलेले ट्रक येतील. तिथे ‘दिसलीच नाही’ या उत्तराचं काय करू?

गोदातीर

ते उत्तर तपासता येतं. ट्रक ६०वर, ट्रॅक्टर १५वर, म्हणजे अंतर ताशी ४५ ने, सेकंदाला साडेबारा मीटरने कमी होतंय. डिपरवर (हेडलाइटच्या खालच्या झोतात) ट्रॉली ५० मीटरवर दिसली असं धरा. बघून पाय हलेपर्यंत रस्ताबांधणीत धरतात ते अडीच सेकंद, म्हणजे ३१ मीटर गेले. हवा चाकापर्यंत पोचायला अर्धा सेकंद, आणखी सहा. ब्रेक लागून वेग ट्रॉलीइतका व्हायला १६. बेरीज ५३. अंतर ५०च होतं, म्हणजे पूर्ण जागा असलेला ड्रायव्हरसुद्धा धडकू शकतो.

म्हणून ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतील तर मागच्या, दुसऱ्या ट्रॉलीची चौकशी करा. पहिल्या ट्रॉलीपासून मागे दिव्याची वायर जोडलेली होती का? रिफ्लेक्टर होता का, आणि लोंबणाऱ्या वाढ्यांनी तो झाकला होता का? ट्रॅक्टरवाल्याला विचारा, ऊस भरून झाल्यावर मागून कोणी बघितलं? उभ्या ट्रकला धडक असेल तर मागे काय ठेवलं होतं ते विचारा. आपल्याकडे दगड आणि झाडाची फांदी ठेवतात, ती गाडीपासून किती पावलांवर होती ते साक्षीदाराला रस्त्यावर चालून दाखवायला लावा. आणि त्याच अंधारात, त्याच वेळी, अमावस्या-पौर्णिमा जुळवून एकदा स्वतः जागेवर उभ्या राहा. सोबत दोघं आणि अंगावर रिफ्लेक्टर जॅकेट असल्याशिवाय नाही.