रिसेप्टर्सचा सरासरी नकाशा रुग्णाच्या किती उपयोगाचा?

चेतातंतू (धागाकर्ता)
मॅकगिल विद्यापीठातल्या जस्टिन हॅन्सन, ब्रातिस्लाव मिशिच आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये मेंदूतल्या रिसेप्टर्सचा (पेशींवरच्या, रासायनिक संदेश पकडणाऱ्या प्रथिनांचा) एक मोठा नकाशा प्रसिद्ध केला. १२०० हून अधिक निरोगी माणसांचे पेट स्कॅन (शरीरात किरणोत्सारी खूणद्रव्य सोडून घेतलेली चित्रं) एकत्र करून १९ रिसेप्टर्स आणि ट्रान्सपोर्टर्स (संदेशद्रव्य वाहून नेणारी प्रथिनं) कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराच्या, कुठल्या भागात दाट आहेत आणि कुठे विरळ, हे त्यात दिसतं. सगळा डेटा खुला आहे. काम अफाट आहे, त्याबद्दल आदरच आहे.

माझा आक्षेप आहे तो या नकाशाच्या वापराला. एखाद्या आजाराच्या रुग्णांचे एमआरआय घ्यायचे, कॉर्टेक्स कुठे पातळ झालाय ते बघायचं, ते या नकाशावर ठेवायचं, आणि जो रिसेप्टर जुळेल त्याचा आजाराशी संबंध आहे असं लिहून मोकळं व्हायचं. अहो, पण त्या रुग्णांचे रिसेप्टर्स मोजले कोणी? आकडे दुसऱ्याच माणसांचे, तेही निरोगी, आणि तेही सरासरी. त्याच रुग्णांमध्ये मोजमाप होत नाही तोवर अशा निष्कर्षांना उपचारांच्या चर्चेत जागा देऊ नये, असं मला ठामपणे वाटतं.

अक्षांश
पूर्ण असहमत. एका रुग्णात १९ प्रकारची मोजमापं करणार कशी? प्रत्येक रिसेप्टरला वेगळा ट्रेसर (त्याला चिकटणारं किरणोत्सारी खूणद्रव्य), वेगळा स्कॅन आणि दर वेळी किरणोत्साराचा डोस. ट्रेसरमधल्या कार्बन-११ चं अर्धायुष्य जेमतेम २० मिनिटं, म्हणजे तो बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, हाताशीच हवं. आधी कुठे शोधायचं ते ठरवावं लागतं, आणि त्यासाठीच हा नकाशा आहे.

इतिहासही बघा. १९७३ मध्ये कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी किरणोत्सारी नॅलोक्सोन वापरून ओपिएट (अफूसारख्या द्रव्यांचा) रिसेप्टर दाखवला, तो प्रयोगशाळेतल्या ऊतींमध्ये. दहा वर्षांनी हेन्री वॅग्नर यांनी स्वतःच्याच मेंदूतले डोपामिन या संदेशद्रव्याचे रिसेप्टर्स पेटवर टिपले. पुढे स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत लार्स फार्डे यांनी सायकोसिसची (भ्रम-भास होणाऱ्या आजाराची) औषधं डी-२ हे डोपामिन रिसेप्टर्स किती व्यापतात ते मोजलं. अशा अभ्यासांतून साधारण ६५ ते ८० टक्के व्याप्तीचा योग्य पट्टा पुढे आला. त्याच्या वर गेलं की अंग ताठरणं, कंप असे त्रास वाढतात. गरजेपेक्षा जास्त डोस का देऊ नये, याला त्यातून भक्कम आधार मिळाला. रिसेप्टर्सची मोजदाद रुग्णाच्या उपयोगाची नाही असं कसं म्हणता?

चेतातंतू
मोजदाद निरुपयोगी आहे असं मी कुठेच म्हटलं नाही. फार्डे यांचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे! त्यांनी औषध घेणाऱ्या रुग्णांच्याच मेंदूत मोजलं, म्हणून त्या आकड्यावर डोस ठरवता आला.

सूक्ष्मदर्शी
मला तर 'दाट' आणि 'विरळ' या शब्दांचीच काळजी वाटते. पेटची नजर साधारण ४-५ मिलिमीटरची, आणि सिनॅप्समधली (दोन चेतापेशींच्या जोडणीतली) फट सुमारे २० नॅनोमीटरची. ५-एचटी-१ए हा सेरोटोनिन या संदेशद्रव्याचा रिसेप्टर घ्या. मेंदूच्या देठातल्या राफे केंद्रकांत तो सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशींवरच बसतो आणि त्यांना आवर घालतो. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये तोच पुढच्या पेशीवर असतो, संदेश घेणाऱ्या बाजूला. पेटवर मात्र दोन्हीकडे एकाच मापाचा आकडा.

शिवाय रॅक्लोप्राइडसारखा ट्रेसर मेंदूतल्या डोपामिनशी जागेसाठी स्पर्धा करतो. डोपामिन वाढलं की ट्रेसर कमी चिकटतो, रिसेप्टर्स तेवढेच असले तरी. म्हणून आकडा कमी दिसला की रिसेप्टर्स कमी झाले, असं लगेच म्हणता येत नाही.

कॉर्टेक्सच्या थराथरातला फरक बघायचा तर मृत्यूनंतरच्या मेंदूचे काप आणि ऑटोरेडिओग्राफी (कापांवर किरणोत्सारी खूणद्रव्य चिकटवून घेतलेली प्रतिमा) हवी. जर्मनीतल्या युलिश इथे कार्ल झिलेस आणि निकोला पालोमेरो-गालाघर यांनी ते काम वर्षानुवर्षं चिकाटीने केलं. त्यात मेंदूंची संख्या थोडी असते, पण तपशील अस्सल. माझ्या लेखी आधी तेच वाढवायला हवं.

निदानवादी
धागाकर्त्यांना एकच विचारते. एपिलेप्सीत फ्लुमाझेनिल या ट्रेसरच्या पेटवर झटक्यांच्या उगमाजवळ गाबा-ए (चेतापेशींना शांत करणारे) रिसेप्टर्स कमी झालेले दिसू शकतात आणि शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत त्याची मदत होते. पण निरोगी मेंदूत त्या जागी किती असतात हेच ठाऊक नसेल, तर 'कमी झालेले' कशावरून म्हणणार? सरासरीला नावं ठेवणं सोपं आहे, तिच्यावाचून निदान करून दाखवा.

चेतातंतू
रास्त मुद्दा, आणि इथे मी थोडा सरकतो. पण निदानाला नुसती सरासरी पुरत नाही, माणसामाणसांतला फरक किती हेही लागतं. डी-२ रिसेप्टर्स वयानुसार घटतात. विशीतला आणि सत्तरीतला मेंदू एकाच आकड्याशी कसा ताडणार? वयोगटानुसार नकाशे द्या, फरकाची व्याप्ती द्या, माझा अर्धा विरोध मावळेल. एमआरआयवरून थेट रिसेप्टरचं नाव घेण्याला मात्र विरोध कायम.

अक्षांश
वयोगटांची मागणी मान्य. पण तोवर जुळणी करूच नका, हे मान्य नाही. शेजारशेजारच्या भागांचे आकडे मुळातच मिळतेजुळते असतात, म्हणून योगायोगाने जुळलेलं गाळायला खास चाचण्या लावतात. त्यातून जे टिकतं ते पुढच्या पेट अभ्यासासाठी गृहीतक म्हणून छापलंच पाहिजे. नाहीतर एवढ्या रिसेप्टर्सपैकी कुठल्यावर खर्च करायचा, हे ठरवणार कसं?