माजी विद्यार्थी संघाचं स्थापनावर्ष कसं ठरवायचं? (सांगली) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सांगलीतल्या एका जुन्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाची स्मरणिका निघतेय आणि 'संघाचा इतिहास' हा लेख माझ्या गळ्यात पडलाय. (कॉलेजचं नाव मुद्दाम देत नाही. ओळखलं त्यांनी गालात हसावं, पण इथे लिहू नये.) आठ पानं राखून ठेवलीत, मजकूर जेमतेम दीड पानाचा आहे, आणि तोही पहिल्याच वाक्याला अडलाय: संघ स्थापन झाला कधी?

नोंदणीचं प्रमाणपत्र आहे, पण ते नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करून श्रेणी देणारी संस्था) तयारी सुरू झाली त्या काळातलं. तेव्हा बऱ्याच कॉलेजांनी घाईघाईने संघ नोंदवून घेतले, कारण नॅकच्या निकषांत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण असतात. पण जुनी मंडळी ही तारीख मानायला तयार नाहीत. पन्नाशीच्या दशकात पास झालेले एक काका ठामपणे सांगतात, "आमच्या वेळी संघ होता, मी नाव नोंदवलंय, पावती आहे." त्यांच्या पदवीवर पुणे विद्यापीठ आहे. साहजिकच, शिवाजी विद्यापीठ १९६२ चं. त्याआधी आपल्याकडची कॉलेजं पुण्याला जोडलेली, आणि १९४९ ला पुणे विद्यापीठ सुरू होण्याआधी मुंबईला.

कार्यकारिणीला अर्थातच जुनं साल हवंय. अमृतमहोत्सव म्हटलं की देणग्या जमतात, हे उघड आहे.

जुनी इतिवृत्तं एका माजी खजिनदारांच्या गावभागातल्या घरी होती. २००५ च्या पुरात वाचली, २०१९ ला गेली. कॉलेजच्या कपाटात स्नेहमेळाव्याचे फोटो आहेत, पण एकाच्याही मागे तारीख नाही. फेटे मात्र झकास.

तर प्रश्न असे: नोंदणीआधी संघ चालू होता याला पुरावा कशाचा धरायचा? आणि सांगलीत आणखी कुठे शोधता येईल?

---

प्रतिसाद (वाळव्याचा वाटसरू):

दादा, आधी काकांची ती पावती नीट बघा. विद्यापीठाच्या सिनेटवर (अधिसभेवर) पदवीधरांचे प्रतिनिधी निवडून जातात, त्यासाठी पदवीधर म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. पावती तिची निघण्याची दाट शक्यता आहे. जुन्या लोकांच्या बोलण्यात दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळतात.

दुसरं म्हणजे, सांगलीच्या सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नक्कल अर्ज करा. संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदली जाते आणि १९५० च्या विश्वस्त कायद्याखालीही, त्यामुळे क्रमांक दोन असतात. विश्वस्त नोंदणीचा क्रमांक 'एफ'ने सुरू होतो. तो दिला की परिशिष्ट एकचा उतारा मिळतो, त्यात वेळोवेळी बदललेले विश्वस्त दिसतात. मूळ अर्जासोबत संघाची घटना (नियमावली) आणि पहिल्या सात सभासदांच्या सह्या असतात. ती सात नावं हातात आली की त्यांच्या घरी जा. कागद घरातच सापडतात, कार्यालयात नाही.

१९६० च्या आधीचं काही शोधणार असाल तर 'सांगली जिल्हा' म्हणून शोधू नका. तेव्हा जिल्ह्याचं नाव दक्षिण सातारा होतं. नगर वाचनालयात जाणार असाल तर तिथलंही बरंच २०१९ ला भिजलंय, हे धरून चाला.

---

प्रतिसाद (चाफळकरीण):

मी साताऱ्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली आहे. तुम्ही संघाचे कागद शोधताय, पण जुनी माहितीपत्रकं चाळा. त्यात बक्षिसांची यादी असते, अमुक वर्षाच्या विद्यार्थ्यांनी दिलेल्या ठेवीच्या व्याजातून तमुक विषयातल्या पहिल्या क्रमांकाला. ठेव संघाच्या नावाने ठेवली असेल तर त्या साली संघ होता. कॉलेजच्या नावाने असेल तर नुसतीच माजी विद्यार्थ्यांची देणगी. कॉलेजचं वार्षिक नियतकालिकही बघा, प्राचार्यांच्या अहवालाचा शेवटचा परिच्छेद बहुतेक आभाराचा असतो, त्यात उल्लेख सापडतात.

आणि साल एकच लिहायचा हट्ट कशाला? 'मेळावे अमुक सालापासून, नोंदणी अमुक साली' असं सरळ लिहा. ओढूनताणून अमृतमहोत्सव केलात आणि कुणी धर्मादायचा उतारा पुढे केला तर स्मरणिका कपाटात ठेवायची वेळ येईल.

---

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. वाटसरूंचा अंदाज खरा निघाला. पावतीवर पुणे विद्यापीठाच्या कुलसचिवांचा शिक्का आहे. काकांना सांगितलं तर म्हणाले, "मग मतपत्रिका यायची ती त्याचीच होय!" आणि पुढे अर्धा तास त्या निवडणुकीच्या गप्पा. त्याही लेखात घेईन म्हणतो.

ताई, माहितीपत्रकं ग्रंथालयात आहेत, पण सत्तरीच्या दशकातली मधली काही वर्षं गायब आहेत. सांगली-मिरजेत कुणाच्या माळ्यावर त्या काळची कॉलेजची माहितीपत्रकं किंवा नियतकालिकं असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कॉलेजचं नाव तिथे सांगेन. मूळ प्रत नको, बक्षिसांच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो पुरे.