पीडितांनी तोंड उघडलं की कोर्टाचा तमाशा होतो?

निशिगंध७: कालच्या धाग्यावर काळाकोट यांनी ठोकून दिलं, 'शिक्षेच्या वेळी पीडितांना बोलू दिलं तर कोर्टाचा तमाशा होईल.' रात्रभर डोक्यातून जाईना. माझ्या भावाला टेम्पोने उडवलं. आरोपी दोषी ठरल्यावर तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३५(२) प्रमाणे त्याला विचारलं, शिक्षेबद्दल काही म्हणायचंय? म्हातारी आई, दोन लेकरं, पहिलाच गुन्हा. सगळं लिहून घेतलं. माझी आई मागच्या बाकावर होती. तीही म्हातारीच. सहा महिने आणि दंड, पुढचा पुकारा.

काळाकोट: ताई, २३५(२) सेशन्सचं कलम. तुमचा खटला मॅजिस्ट्रेटपुढचा, कमी शिक्षेचा; तशा खटल्यात आरोपीलाही रिवाज म्हणूनच विचारतात. निष्काळजीपणाने जीव घेतल्याचं तेव्हाचं कलम ३०४-अ, त्याला कमाल दोन वर्षं होती. आई कितीही रडल्या असत्या तरी तीन झाली नसती. आणि ज्याच्यामागे रडणारं कोणी नाही, त्याचा जीव स्वस्त का?

निशिगंध७: कलम चुकलं, भाऊ गेला ते चुकलं नाही ना? आरोपीच्या आईचं रडणं चालतं, ते कसं?

काळाकोट: कारण आत तो जाणार.

चुनाडबी: सुप्रीम कोर्टाचा मल्लिकार्जुन कोडगली निकाल वाचा, २०१८. शिक्षेआधी पीडितांवर काय गुजरलं त्याचं निवेदन घ्यावं, असं न्या. लोकुरांनी सुचवलं. पुढच्याच वर्षी त्याच कोर्टाचा रेखा मुरारका निकाल: पीडितांच्या वकिलाने सरकारी वकिलाला मदत करावी, स्वतः तोंडी युक्तिवाद नाही. फौजदारी प्रक्रियेची नवी संहिता (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) १ जुलै २०२४ ला आली; खटला मागे घेताना पीडितांना ऐका म्हणते, शिक्षेच्या वेळी मात्र आरोपीलाच.

सांगलीचा_भडंग: बोलणं राहू दे, आधी मुद्देमाल द्या! चोरीला गेलेली माझी बुलेट सापडली, आणि चार पावसाळे ठाण्याच्या आवारात. सीटवर वेल चढला होता.

चुनाडबी: सुंदरभाई देसाई निकाल, २००२. वाहनं ठाण्यात कुजवू नका असं सुप्रीम कोर्टाने तेव्हाच सांगितलंय.

सांगलीचा_भडंग: हे त्या वेलाला सांगा.

माईआजी: आमच्या मंगळसूत्राचं असंच. सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करू असं लिहून देऊन मिळालं, पण खटला संपेपर्यंत मोडायचं नाही, विकायचं नाही. सुनेच्या बाळंतपणात पैसे हवे होते, डबीकडे बघत बसलो.

काळाकोट: अर्ज केला असता तर फोटो आणि पंचनामा करून सुटलं असतं. लोक वकिलाचे पैसे वाचवतात आणि मग कोर्टाला शिव्या.

सांगलीचा_भडंग: तीन अर्ज केले! तुमच्यासारख्यांनीच फी घेतली प्रत्येकाची.

काळाकोट: वैयक्तिक होऊ नका.

निशिगंध७: धागा माझा होता. भावाची गाडीही ठाण्यातच होती. आईला ती परत नको होती, पण हेल्मेट हवं होतं. ते कोणाला सांगायचं, हेच कळलं नाही. सरकारी वकिलांना आमचं नावही पाठ नव्हतं.

काळाकोट: बरं. लेखी निवेदन, एक पान, न्यायाधीशांनी वाचायचं. शिक्षेचा आकडा सुचवायचा नाही. एवढ्यावर माझी हरकत नाही.

निशिगंध७: उपकार झाले, वकीलसाहेब.

सांगलीचा_भडंग: आणि बुलेट?